पुडीच्या दोऱ्याचा कासरा

"साळवे बाई, हे हॉस्पिटल आहे की सर्कशीचा तंबू?"

आमचे सुपरिंटेंडंट मागच्या दारात उभे होते. एका हाताने पँट घोट्याच्या वर उचलून धरलेली. आता त्यांच्यासमोर जे काय चाललं होतं ते सांगते, म्हणजे त्यांचा राग अगदीच नाहक नव्हता हे तुम्हालाही पटेल. हॉस्पिटलच्या मागच्या मोकळ्या जागेत मी माळ्याकडून नळी सोडून घेतली होती आणि चांगला पोटरीएवढा चिखल करवला होता. त्या चिखलात एक लांब फळी आडवी टाकलेली. फळीला दोर. त्या दोराला आमचे दोन वॉर्डबॉय, बाळू आणि रहीम, खांद्याने जुंपलेले. आणि फळीमागे चिखलात बसकण मारलेला माझा पेशंट देवराम, कमरेपर्यंत बरबटलेला.

"सर, ट्रीटमेंट चालू आहे," मी म्हटलं.

"कोणाची? बैलांची?"

बाळू फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू जागच्या जागी विरलं. मी तशी तापटच. पण त्या दिवशी माझा पारा चढायला कारण होतं. हा माणूस का पडतो हे मला चार-पाच दिवस कळत नव्हतं, आणि सरांनी हाक मारायच्या जेमतेम मिनिटभर आधी ते कळलं होतं.

ही ऐंशी सालानंतर लगेचची गोष्ट. नाशिकमध्ये तेव्हा फिजिओथेरपी म्हणजे काय हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मोडलेलं हाड डॉक्टर जोडतात, पण महिनोन् महिने प्लॅस्टरमध्ये राहिलेले सांधे आखडतात आणि स्नायू सुकतात. ते पुन्हा कामाला लावायचे हे आमचं काम. हॉस्पिटलात ते करणारी मी एकटी. लोक मला "मालिशवाली बाई" म्हणायचे. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाशी भांडले. नंतर म्हटलं, जाऊ दे, म्हणा काय म्हणायचं ते, पण सांगितलेले व्यायाम करा.

देवराम गावित पेठच्या पलीकडच्या डोंगरातला. पस्तिशीचा, सडपातळ, बोलायला कमी. माघात जंगलातून लाकडं आणताना उतारावर बैलगाडी उलटली आणि त्याच्या उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर. मग कुबड्या, मग एकच कुबडी, मग काठी. मे महिना संपता संपता तो काठीशिवाय चालायला लागला. थोडा लंगडत, पण चालायला लागला. आमचे सुपरिंटेंडंट हेच हाडांचे सर्जन. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "सुंदर जुळलंय. डिस्चार्ज."

बायको जमनाबाई गाठोडं बांधत होती. देवराम माझ्या डिपार्टमेंटच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, येक इचारू का? फळीवं उभा ऱ्हाईन ना मी?"

"कसली फळी?"

त्याने सांगितलं, आणि मला खुर्चीत बसूनच ऐकावं लागलं. भातशेती मी बसच्या खिडकीतून बघितलेली. आमचे वडील कारखान्यात, आम्ही कॉलनीत वाढलेले; चिखल आम्हाला फक्त नळाजवळचा माहीत. भाताची रोपं लावायची, म्हणजे आवणी करायची, तर आधी खाचरात पाणी साठवून चिखल सपाट करावा लागतो. त्यासाठी बैलांच्या मागे आडवी फळी जोडतात आणि माणूस तिच्यावर उभा राहतो. त्याच्या वजनाने चिखल बसतो. बैल चालायला लागले की फळीवर उकिडवं बसलेल्या माणसाने उठून उभं राहायचं, आणि खाचराच्या टोकापर्यंत तसंच उभं राहायचं. फळी डुचमळते, घसरते, मध्येच ढेकळावर अडकते. हातात फक्त बैलांचा कासरा, म्हणजे लगामाची दोरी.

"मग या वर्षी दुसरं कोणी उभं राहील," मी म्हटलं.

जमनाबाई मागून बोलली.

"सावड हाय ना, बाई. आमच्या पाड्यावं समदे येकमेकांच्या वावरात राबत्यात. कोन औत आनतो, कोन रोपं उपटतो. हा फळी फिरवतो. समद्यांची. ह्यानी फळी नाय फिरवली तं आमच्या वावरात कोन कशाला यील?"

"समजावून सांगा ना. पाय मोडलाय म्हणावं."

"सांगतील की, बस घरी, आमी करतो. येक साल करतील." तिने गाठोड्याची गाठ ओढली. "ह्याच्या भावाचं तसंच झालं. येका साली सावड चुकली. मंग निफाडकडं बागाईतीत मजुरीला गेला, पोरंबाळं घिऊन. म्हनला, येक सालच. आता हितल्या घराला कुडाची भिंत बी नाय ऱ्हायली."

पाय बरा होणं म्हणजे काय, याचं माझं मोजमाप वेगळं होतं. माझ्या हिशेबात हा माणूस बरा झाला होता. त्याच्या हिशेबात ते पावसाळ्यात ठरणार होतं.

"गाठोडं सोड," मी जमनाबाईला म्हटलं.

सरांना मी सांगितलं की घोटा अजून पूर्ण वाकत नाही, आठवडाभर ठेवून घेऊ. ते खोटं नव्हतं. उकिडवं बसताना गुडघे पुढे जायला घोटा वाकावा लागतो. देवरामचा उजवा घोटा थोडा वाकायचा आणि मग कुलूप घातल्यासारखा अडायचा. त्यामुळे वजन मागे राहायचं. मला वाटलं, अडचण एवढीच.

सुतारकामाच्या खोलीतून फळी आणली. फरशीवर चार पाइपांचे तुकडे टाकले, त्यावर फळी, आणि बाळूला म्हटलं, ओढ. फळी हलली, देवराम उठायला लागला, आणि धाडकन मागे. खाली गाद्या होत्या म्हणून निभावलं. पुन्हा. पुन्हा तेच. मग मी त्याचं उठणं नीट बघितलं. तो हप्त्याहप्त्याने उठत होता. आधी हात गुडघ्यावर, मग ढुंगण वर, मग कमर, मग डोकं. डोळे पावलांवर. दुखरा पाय असलेला माणूस असाच उठतो, आणि थांबलेल्या जमिनीवर ते चालतंही. पण खालची जमीन सरकत असेल तर प्रत्येक हप्त्याला तोल नव्याने सांभाळावा लागतो. म्हणून आम्ही एकाच झटक्यात उठायची सवय केली. पाय खांद्याइतके फाकवलेले, गुडघे सैल, नजर समोर भिंतीवरच्या घड्याळावर. उजव्या टाचेखाली फळीवर पाचरीसारखी एक लाकडी पट्टी ठोकून घेतली. टाच उचललेली राहिली की घोट्याला तेवढं कमी वाकावं लागतं.

फरक पडला. फरशीवर तो उभा राहायला लागला. जमनाबाई शेजारून चालायची, हात पुढे करून.

"बाई, पन ही फरशी हाय," देवराम म्हणाला. "चिखल न्यारा."

खरंच होतं ते. म्हणून चिखल.

आणि चिखलात पहिले पाढे पंचावन्न. रोज पडायचा. मागे, नाहीतर बाजूला. टाचेची पट्टी होती, गुडघे सैल होते, नजर समोर होती. मी पायाचा एकेक स्नायू तपासला. ताकद चांगली. मला माझाच राग यायला लागला. एवढं शिकून एका माणसाला फळीवर उभं करता येऊ नये?

"हात मोकळं ऱ्हायलं म्हंजी काय उमगत नाय," देवराम म्हणाला. "कासरा पायजे."

म्हणून त्या सकाळी आम्ही कासराही आणला. एक टोक बाळूच्या दंडाला, दुसरं रहीमच्या. मधला भाग देवरामच्या मुठीत. "चल, हाक," मी म्हटलं. त्याने जीभ टाळूला लावून बैलांना करतात तसा आवाज केला, दोघं निघाले, देवराम उठला, आणि दोघं गपकन थांबले. देवराम पडला.

"अरे थांबलात कशाला?" मी ओरडले.

"मॅडम, हाच मागं ओढतो!" बाळू दंड चोळत म्हणाला. "माझा हात निखळायचा राहिलाय. एकीकडे म्हणतो चल, एकीकडे खेचतो. मी करू काय?"

देवराम चिखलातच बसून राहिला आणि हसायला लागला. "बैल बी आसाच थांबला आसता, बाई. कासरा वढला का बैल उभा ऱ्हातो."

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. माघापासून या माणसाचं वजन त्याच्या तळहातांवर होतं. कुबडीवर, काठीवर, खाटेच्या कडेवर, माझ्या डिपार्टमेंटमधल्या लोखंडी बारवर, बायकोच्या खांद्यावर. पाय बरे झाले, पण उठायचं म्हटलं की त्याचे हात आधी आधार शोधायचे. हातात काही नसलं तर हवेत चाचपडायचे आणि तोल घालवायचे. हातात कासरा आला तर त्याच्यावरच भार. आणि कासऱ्यावर भार टाकला की ज्याने पुढे न्यायचं तोच थांबतो. दुखणं पायात उरलंच नव्हतं. ते हातात जाऊन बसलं होतं.

नेमके तेव्हाच सर दारात आले.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तेवढं मात्र त्यांचं मानायला हवं. मग म्हणाले, "बाई, हाड जुळलंय. माझं काम संपलं."

"माझं नाही संपलं, सर."

"बेड अडतोय. पोर्चमध्ये पेशंट झोपवायची वेळ आली आहे. सोमवारी हा घरी." जाता जाता वळले. "आणि ते चिखलाचे पाय घेऊन कोणी कॉरिडॉरमध्ये आलं, तर पुसायला तुम्ही."

सोमवार म्हणजे हातात दोन-तीन दिवस. मी देवरामला समजावलं. ओढू नको. कासरा सैल धर. तो मान हलवायचा, हो म्हणायचा, आणि उठताना ओढायचा. शंभरदा सांगून उपयोग नव्हता. हात कुठे कानाने ऐकतात? हातांना हातांच्याच भाषेत सांगायला हवं होतं.

दुपारी मी डबा खात होते. गेटसमोरच्या वाण्याकडून बाळूने शेंगदाण्याची पुडी आणली होती. तिचा पांढरा दोरा त्याने दोन बोटांनी खटकन तोडला. मी पोळी तशीच ठेवून उठले.

वाण्याकडून पुडी बांधायच्या दोऱ्याचं अख्खं रीळ आणलं. कासरा सोडला आणि त्या जागी तो दोरा बांधला. लहान मूलही तोडेल असा.

"हे बघ," मी देवरामला म्हटलं. "हा तुझा कासरा. हातात धरायचा, पण तुटता कामा नये. तुटला की पुन्हा उकिडवं बसायचं आणि पहिल्यापासून."

तुटला. अर्थात तुटला. दुपारभर तुटत राहिला. बाळूला मात्र मजा यायला लागली. दोरा तुटला की तो बैलासारखा हंबरायचा. रहीम गाठी मारून मारून वैतागला. संध्याकाळी देवरामने हातातला तुकडा चिखलात फेकला.

"बाई, ह्यो पोरखेळ हाय. मला घरी जाऊ द्या."

"जा!" मी म्हटलं. माझाही दिवस काही बरा गेला नव्हता. "जा, भावाच्या शेजारी झोपडी टाक निफाडला. लोकांच्या बागेत राब."

इतक्यांदा चिखलात पडला तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. तोंडातून शब्द गेला आणि मला चटका बसला. देवराम हौदावर पाय धुवायला गेला. मला वाटलं, संपलं. उद्या हा सोमवारची वाट न बघता एसटीत बसणार.

सकाळी ड्युटीवर आले तर तो फळीवर उकिडवा बसलेला. दोरा बांधून, तयार.

"जोता दोघांना," म्हणाला.

माझा भाचा हल्ली मोबाईलवर समुद्रातल्या लाटांवर फळीवर उभ्या राहणाऱ्या पोरांचे व्हिडिओ दाखवतो. बघताना माझे डोळे आपोआप त्यांच्या हातांकडे जातात. नवशिकी पोरं उठताना फळीची कड घट्ट धरून ठेवतात, आणि धरली की गेलीच पाण्यात. ज्यांना जमतं ती हात एकदा टेकवतात आणि लगेच सोडून देतात. देवरामला त्या सकाळी तेच जमायला लागलं. प्रथम उठताना दोरा तुटायचा, पण तो उभा राहायचा. मग दोरा तुटेना, पण वळणावर पडायचा. आणि दुपारच्या सुमाराला बाळू-रहीम भिंतीपर्यंत जाऊन थांबले, तेव्हा मागे देवराम उभा होता, गुडघे मऊ, आणि दोरा त्याच्या मुठीत झोका दिल्यासारखा लोंबत होता.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं. बाळूने हंबरायचं सोडून टाळ्या वाजवल्या.

फक्त एक गोष्ट मला खटकत होती. जमनाबाई अजूनही शेजारून चालत होती, हात पुढे करून. देवराम तो हात धरत नव्हता. पण उठायच्या क्षणी त्याची नजर तिकडे जायची. निसटतीच, पण जायची.

"जमनाबाई, तू लांब उभी राहा."

"पडंल ना, बाई."

"पडू दे."

"तुमाला काय जातं पडू दे म्हनाया?" ती फणकारली. "मोडलं तवा गाडीतून मीच आनला ह्याला. समद्या रस्त्यानी वरडत व्हता."

ती बाजूला झाली खरी, पण पोराच्या मागे चालणाऱ्या आईसारखा तिचा हात हवेत तसाच होता. मी तो विषय सोडला. सोमवारी ती दोघं गेली. देवरामने टाचेच्या पट्टीचं माप बोटाने घेतलं आणि "बाई, येतो" एवढंच म्हणाला. सरांनी बेड भरला. माळ्याने तिथे कर्दळी लावल्या.

पाऊस चांगला लागल्यावर एक दिवस पेठच्या एसटीचा कंडक्टर निरोप घेऊन गेटवर आला. रविवारी गावितांच्या वावरात चिखलणी आहे, बाईंना सांगा. बस, एवढंच. म्हणजे सावडीत त्याची पाळी आली होती. पण इतरांची फळी तो फिरवतो आहे की नुसता बांधावर बसलाय, हे निरोपात नव्हतं. आणि मला ते समजल्याशिवाय चैन पडेना. नवरा म्हणाला, "पेशंटच्या घरी जायचा तुला पगार मिळतो का?" मी छत्री घेतली.

एसटीतून उतरून बरंच चालावं लागलं. लांबूनच खाचरं दिसली. एका खाचरात बायकांची रांग वाकून आवणी करत होती. शेजारच्यात बैल, फळी आणि फळीवर देवराम. उभा. मी भान विसरून हाक मारली.

"देवराम!"

आणि त्याने मागे वळून बघितलं. "आल्या का बाई..." म्हणेपर्यंत धपकन चिखलात! बांधावरचे सगळे पोट धरून हसले. मला तर तोंड लपवावंसं वाटलं. आठवडाभर "नजर समोर, नजर समोर" म्हणून कानीकपाळी ओरडले, आणि इथे येऊन मीच त्याला पाडलं.

पण मदतीला कोणी गेलं नाही. तो उठला, डोळ्यांवरचा चिखल पुसला, फळीवर उकिडवा बसला आणि बैलांना हाक दिली. बैल निघाले. तो एका झटक्यात उभा राहिला. कासरा त्याच्या मुठीत सैल. फळीच्या दोन्ही बाजूंनी चिखल मऊ पसरत गेला, आणि तो खाचराच्या टोकापर्यंत तसाच गेला, वळला आणि परत आला.

शेजारच्या खाचरात आवणीच्या रांगेत जमनाबाई होती. डाव्या हातात रोपांची जुडी, उजवा हात चिखलात. मी बांधावरून तिच्याजवळ गेले. तिची पाठ फळीकडे होती, आणि सगळ्या रांगेत फक्त तिचीच. बाकीच्या बायका फळीकडे तोंड करून मागे मागे सरत होत्या, ही मुद्दाम उलटी लागली होती.

"जमनाबाई, अगं बघितलंस का? उभा राहिलाय बघ!"

तिने मान वर केली नाही. एक रोप लावलं, दुसरं लावलं.

"बघितलं आसतं तं हात पुढं झाला आसता," ती म्हणाली.

मी तिथेच चपला काढून बांधावर बसले. मागे बैलांच्या पायांचा चपक चपक आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता.

देवरामचा घोटा पुढेही पूर्ण वाकला नाही. भाऊबिजेनंतर तपासायला आला तेव्हा मी मोजला, होता तिथेच होता. सरांनी विचारलं, "काय, रिकव्हरी पूर्ण?" मी म्हटलं, "नाही सर. पण त्याने पाड्यावरच्या सगळ्या खाचरांत फळी फिरवली."

त्या वर्षापासून मी रिटायर होईपर्यंत माझ्या डिपार्टमेंटमध्ये नातेवाइकांसाठी एक खुर्ची असायची, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. लोकांना राग यायचा. काहीजण सरांकडे तक्रारही करायचे. पण त्यांचे पेशंट लवकर चालायचे.